भोंग्यातला बोळा

माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. हे आधी सांगते, मग बाकीचं. चौकशीला आलेल्या साहेबांनी ठेवला नाही, चर्चमधल्या फादरनी ठेवला नाही, ज्या बायकांच्या मांडीला मांडी लावून मी बटणं लावली त्यांनी ठेवला नाही, आणि ज्या माणसाशी लग्न करून इतकी वर्षं त्याचे डबे भरले त्यानंही नाही. मी एवढंच म्हणत होते, की शर्टाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आगीचा भोंगा वाजला होता. मी माझ्या कानांनी ऐकला. नीट नाही वाजला. कुणी तोंडावर उशी दाबून धरली असताना माणूस ओरडेल, तसा वाजला. पण वाजला.

"वाफेचे पाइप असतील गं पोरी," साहेब म्हणाले आणि एकमेकांकडे बघून हसले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्या केसांना जळका वास येत होता.

भोंगा वाजला की नाही याच्यावर सगळं होतं. माझी मोठी बहीण रेजिना तिसऱ्या मजल्यावर कॉलर शिवायला बसायची, मी खाली पहिल्या मजल्यावर बटणं लावायचे. भोंग्याचा खटका तिच्या मशीनमागच्या भिंतीवर होता, म्हणून तो ओढायचं काम तिचं. भोंगा वाजला असेल, तर तिनं खटका ओढला. नसेल, तर ती बाकीच्या मुलींना आगीत सोडून पळाली. ती सापडली जिन्यात, एक मजला खाली. गावानं ठरवून टाकलं, पळाली. बंबखान्यासमोर मेलेल्या मुलींच्या नावांचा दगड उभा केला, त्यावर रेजीचं नाव कोरलं नाही. आई दर रविवारी त्या दगडापुढून मान खाली घालून जायची. ती मान मरेपर्यंत वर आली नाही.

मला त्या दगडावर रेजीचं नाव हवं होतं. दुसरं काही नको.

शनिवारी दुपारी मी डॉक्टर प्रेंटिस यांच्याकडे घर झाडायला जाते. दातांचे डॉक्टर. आता म्हातारे झालेत, बायको गेली. घर टेकडीच्या उतारावर आहे, म्हणून रस्त्याकडून ते तळघर आणि मागच्या अंगणातून सरळ दार ढकलून जायची खोली. त्या खोलीत त्यांचे भोंगे. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, बशा जमवतात, हा शिकलेला माणूस आगीचे जुने भोंगे जमवतो. शाळांचे, गिरण्यांचे, बंद पडलेल्या थिएटरांचे. लाल, करडे, गोल जाळीचे, दोन तोंडांचे, धोतऱ्याच्या फुलासारखे पसरलेले. त्यांच्यासारखीच चळलेली माणसं कुठून कुठून गाड्या हाकत येतात, कानांत कापूस घालून खुर्च्यांवर बसतात आणि भोंगे ऐकतात. माना डोलावतात. एकदा एक टकला गृहस्थ त्याच्या लहानपणच्या शाळेचा भोंगा ऐकून ढसाढसा रडला. मी वर भांडी विसळत होते, मला वाटलं कुणाला फेफरं आलं.

डॉक्टरांचा एक नियम होता. नवा भोंगा आला की त्याला फडकंसुद्धा लावायचं नाही. एक स्क्रू फिरवायचा नाही. भिंतीवरून उतरवला तसाच, कोळ्यांसकट, तारेला जोडायचा आणि एकदा वाजवायचा. याला ते पहिली हाक म्हणत.

"मिसेस हुडाक, एकदा पुसला की तो माझा होतो," ते मला म्हणाले होते. "त्याआधी तो जिथला असतो, तिथलाच असतो."

मला तेव्हा तो म्हातारपणचा चळ वाटला.

त्या शनिवारी बर्फ भुरभुरत होता. मी बादली घेऊन तळघरात उतरले तर आधी वास आला. खळ घातलेल्या कापडावर इस्त्री विसरली की येतो तो. मी म्हटलं, वर इस्त्री चालू राहिली काय माझी? पण त्या दिवशी मी इस्त्रीला हात लावलाच नव्हता. टेबलावर काजळी धरलेला एक मोठा लाल भोंगा ठेवला होता आणि डॉक्टर त्याला तार जोडत होते. चेहऱ्यावर वाढदिवसाच्या पोराचा आनंद.

"कानात कापूस घाला," म्हणाले. "असे देशभरात दोन-चारच उरलेत. इमारतीचे पत्रे हलवतो म्हणे."

त्यांनी बटण दाबलं.

पत्रे हलले नाहीत. भोंग्याच्या पोटातून आवाज आला... दबलेला, ओला, घुसमटलेला. उशीखालचा. मी बादलीवरच बसले आणि पाणी सगळं फरशीवर.

"घसा बसलेला निघाला," डॉक्टर हिरमुसले. "अहो, तुम्हाला काय झालं?"

"हा कुठला?"

"ब्रेकर रस्त्यावरचा जुना शर्टाचा कारखाना पाडताहेत ना, त्याच्या जिन्यातला. का?"

"उघडा."

"आज नाही उघडत मी. पहिल्या हाकेनंतर आठवडाभर तसाच—"

"डॉक्टर, तुम्ही उघडता की मी झाडूच्या दांड्यानं उघडू?"

त्यांनी उघडला. जाळी निघाली आणि मागं पांढरं काहीतरी दिसलं. डॉक्टरांनी चिमट्यानं धरून ओढलं, तर कोंबडीच्या पोटातून आतडी यावीत तसं ते येतच राहिलं. शर्टांच्या कापडाच्या चिंध्या. कॉलरीतलं कडक बकरम, घडी घालून घालून ठासलेलं. मशीनच्या तेलाचे डाग. वरची बाजू करपलेली, आतून कोरं. उशीएवढा बोळा झाला टेबलावर.

डॉक्टरांनी बकरमची एक घडी उलगडून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

मी तो बोळा अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळला आणि तशीच बंबखान्यात गेले. आमच्या गावचा बंब गावातलेच लोक चालवतात, आणि वास्को त्यांचा प्रमुख. तो बिअर पीत बसला होता.

"उंदरांनी घरटं केलं असेल," तो म्हणाला.

"उंदरांनी बकरमला घड्या घातल्या? इस्त्री पण केली असेल मग."

"बरं बाई, कोंबला कुणीतरी. कुणी? नाव आण. दगड उभारणाऱ्या मंडळापुढं नाव लागतं. नावाशिवाय दगडाला छिन्नी लागणार नाही."

मी तणतणत परत गेले आणि बोळा डॉक्टरांच्या टेबलावर, भोंग्याशेजारी ठेवला. घरी न्यावासा वाटला नाही मला.

रात्री जेवताना एमिलला सांगितलं. एमिल माझा नवरा. कारखान्यात तो शिवणमशीनचा फिटर होता. आगीच्या दिवशी त्यानं तिसऱ्या मजल्यावरून उड्या मारणाऱ्या दोघींना हातांवर झेललं. त्याचा एक खांदा अजून नीट वर जात नाही. गावात कुणी त्याला बिअरचे पैसे देऊ देत नाही. तो ऐकत राहिला आणि बशीतला बटाटा काट्यानं चिरडत राहिला.

"जाऊ दे ना पॉलीन," म्हणाला. "मेलेल्यांना झोपू दे."

"ती झोपली नाही एमिल. आज ओरडली ती."

"वाफेचे पाइप," तो म्हणाला. डॉक्टरांच्या तळघरात वाफ कुठून आली, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो उठून गेला.

पुढच्या शनिवारी डॉक्टर घरी नव्हते. मी एकटीच खाली फरशी पुसत होते. भोंगा टेबलावर, उघडा, पोट रिकामं. तार काढून भिंतीला टांगलेली. आणि तो वाजायला लागला. अगदी हळू. कान लावावा लागेल इतका. आणि आत काहीच नसताना तसाच घुसमटलेला...

मी फरशीवर गुडघ्यांवरच होते. फडकं हातात. भीती वाटली का? वाटली. पण त्याच्या आधी संताप आला. डोक्यात तिडीक गेली.

"रेजी," मी म्हटलं, "कुणी गं? नाव सांग. तुला कुणी बोळा घातला, ते सांग."

आवाज थांबला. मग त्या बोळ्यातली एक चिंधी, वारा नसताना, सुटी होऊन टेबलावरून लोंबली आणि थोडा वेळ हलत राहिली.

मला नाव ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. हॅगर्टी. आमचा फोरमन. कारखान्यात जेवढे नग तेवढी मजुरी. इस्त्रीच्या प्रेसची वाफ जरा वाढली की भोंगा उगाच बोंबलायचा आणि आम्ही सगळ्या कुडकुडत अंगणात. तेवढ्या वेळाची मजुरी बुडाली. हॅगर्टी त्या भोंग्याला जी शिवी द्यायचा ती मी इथं लिहू शकत नाही. आता तो म्हाताऱ्यांच्या आश्रमात चाकाच्या खुर्चीत असतो. मी ठरवलं, त्याला भोंग्यासमोर नेऊन बसवायचं. भोंगा त्याच्या तोंडावर किंचाळेल आणि हा खुर्चीतल्या खुर्चीत संपेल. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. खोटं कशाला सांगू?

रविवारी चर्च सुटल्यावर मी त्याला आश्रमातून काढला. एमिलनं ट्रकमधून आम्हाला डॉक्टरांच्या फाटकाशी सोडलं. तो आत आला नाही. तो त्या घरात कधीच येत नसे, दातांची भीती म्हणायचा.

"कुठं नेतेस गं मला?" हॅगर्टीनं विचारलं.

"कोबीची हालुश्की खायला."

"तुझ्या हातची? म्हणजे मरायलाच."

"हो, तसंच समजा."

डॉक्टर वर त्यांच्या खोलीत होते, मी त्यांना हात जोडून परवानगी मागितली होती. मागच्या दारानं मी खुर्ची आत ढकलली. भिंतींवर सगळे भोंगे तोंडं वासून. म्हातारा बघतच राहिला.

"आयला, हे वेडाचं दुकान आहे की काय?"

मी खुर्ची टेबलासमोर लावली, चाकं अडकवली. "ओळखा."

तो वाकला. डोळे बारीक केले. "हा... आपला? अरे हरामखोरा, अजून आहेस होय तू?" भोंग्यालाच म्हणाला तो, जुना मित्र भेटल्यासारखा.

मी बोळा उचलून त्याच्या नाकाशी धरला. "आणि हे तुमचं. तुम्ही कोंबलंत. माझी बहीण खटका ओढत राहिली आणि हे तिच्या तोंडात होतं."

हॅगर्टीनं वास घेतला. मी भोंग्याकडे बघत उभी राहिले. वाज. वाज ना गं. भोंगा गप्प. वर कुठंतरी घड्याळ चालू होतं, बाहेर छपरावरचा बर्फ सरकून पडला, आणि भोंगा गप्प. इतका गप्प की मला लाज वाटायला लागली.

"पोरी," हॅगर्टी म्हणाला, "मला हे सुचलं असतं ना, तर मी गावभर मिरवलं असतं. स्वतःला फार शहाणा समजलो असतो मी. पण भोंगा जिन्यात किती उंच होता आठवतंय तुला? मला साध्या खुर्चीवर चढलं तरी गरगरायचं. कारखान्यात शिडी कुणाच्या ताब्यात असायची, ते आठव."

मी आठवायच्या आत बाहेर बर्फावर बूट वाजले. कर्र, कर्र. आम्हाला उशीर झाला म्हणून एमिल घ्यायला आला होता. दार उघडलं, पांढरा उजेड आत आला आणि त्यात तो.

"पॉलीन, चल, बर्फ वाढत—"

आणि भोंगा फुटला.

तार नव्हती. पोट रिकामं होतं. पण आता घुसमट नव्हती, पूर्ण तोंड उघडून, छाती फाडून तो ओरडत होता. भिंतींवरच्या सगळ्या जाळ्या थरथरल्या. बरण्यांतले स्क्रू उडाले. हॅगर्टीनं कानांवर हात दाबले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. करपलेल्या खळीचा वास खोलीभर पसरला.

एमिल दारात उभा. त्यानं कानांवर हात नेले नाहीत. घाबरला की माणूस देवाचं नाव घेतो. यानं माझ्या बहिणीचं घेतलं.

"रेजी," तो म्हणाला, "पुरे ना गं आता."

असं म्हणाला, की हे तिला म्हणायची त्याला रोजची सवय असावी.

भोंगा थांबला. त्या शांततेत मला आठवलं, शिडी कुणाच्या ताब्यात असायची. फिटरच्या.

"तू," मी म्हटलं.

तो भिंतीला टेकला. "हिवाळ्यापुरताच घातला होता, पॉलीन. वरच्या मुली माझ्या मागे लागल्या होत्या. नग बुडतात, बोटं गारठतात, काहीतरी कर एमिल. केक करून आणायच्या माझ्यासाठी. मी म्हटलं, तपासणीआधी काढू. मग... राहून गेलं."

"राहून गेलं? आणि नंतर? ते साहेब हसले माझ्यावर तेव्हा? आई गेली तेव्हा? दगड कोरला तेव्हा?"

"नंतर मला सांगता येईना. सगळे माझी पाठ थोपटत होते." मग त्याचा चेहरा बदलला. कोपऱ्यात सापडलेल्या माणसाचा झाला. "आणि मला एकट्याला नको धरूस. रेजीनंच सांगितलं होतं. तीच म्हणाली मला, एमिल, त्या भोंग्याचं तोंड बं—"

तिथंच त्याचा आवाज तुटला. ओठ हलत होते. मान ताणली होती, शिरा फुगल्या होत्या. पण बाहेर येत होतं ते फक्त दबलेलं, ओलं... उशीखालचं.

मी टेबलाकडे बघितलं. बोळा तिथं नव्हता. मी हातातून तिथंच ठेवला होता, हॅगर्टीनं बघितलं होतं. टेबलाखाली नव्हता, खुर्चीखाली नव्हता. डॉक्टर धावत खाली आले, त्यांनीही शोधला. कुठंच नव्हता.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एमिलच्या घशात नळी घालून बघितलं. "लहान मुलासारखा स्वच्छ घसा आहे," तिथला डॉक्टर म्हणाला. "धक्का बसला असेल." धक्का! रोज सकाळी एमिलच्या उशीवर दोरे पडलेले असतात. पांढरे, एकेरी, टोकाला करपलेले. मी झटकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो माझ्याकडे बघतो आणि बोलायला तोंड उघडतो, आणि तो आवाज ऐकला की मी खोलीबाहेर जाते. पाणी देते, सूप देते, अंथरूण घालते. दया येत नाही.

मी एकाच गोष्टीचा विचार करत राहिले. रेजीनं खरंच त्याला तसं सांगितलं असेल का? असेलही. तिलाही नग पुरे करायचे असायचे. पण मग बोळा घातलाय हे तिला ठाऊक होतं. खटका ओढला तरी भोंगा कुणाला नीट ऐकू जाणार नाही हेही. म्हणून खटका ओढून ती जिन्यानं खाली निघाली, आमच्या मजल्याकडे, तोंडानं ओरडून सांगायला. ती पळत नव्हती. माझ्याकडे येत होती.

हॅगर्टी पुढच्याच महिन्यात झोपेत गेला. त्यानंतर वास्कोनं मंडळ बसवलं. बंबखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, बायका मागं लोण्यात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, परतत होत्या, सगळा हॉल कांद्याच्या वासानं भरलेला. एमिलला मी बरोबर आणलं होतं. लोकांनी उठून त्याला जागा दिली. डोरिसनं, त्यानं झेललेल्या दोघींतल्या एकीनं, त्याच्या मांडीवर शाल घातली.

डॉक्टर प्रेंटिसांनी बोळ्याबद्दल साक्ष दिली. स्वच्छ बोलले. वास्कोनं डोकं खाजवलं.

"हे बघ पॉलीन, आम्ही काही दगडाचे नाही. भोंगा दाबला होता हे मानलं. आता फक्त नाव हवं. सगळ्यांना वाटतंय हॅगर्टी. होताही तसाच कडू माणूस. मागंपुढं कुणी नाही रडायला. तू हॅगर्टी म्हण, मी लिहून घेतो, उन्हाळ्याच्या आत रेजिनाचं नाव दगडावर."

टेबलाखाली एमिलचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट. तो मान हलवत होता. हो म्हण. हो म्हण.

किती सोपं होतं ते. रेजीला दगड मिळणार, मला घर राहणार, डोरिस शाल आणत राहणार. मेलेल्या हॅगर्टीचं काय जाणार होतं? खरं सांगते, मी तोंड उघडलं ते त्याचंच नाव घ्यायला.

"हॅ..." म्हटलं आणि जीभ कोरडी पडली. तोंडात खळीची चव. जिभेच्या मागं काहीतरी बारीक, टोचणारं. मी खोकले. दोन बोटं घालून ओढलं, तर पांढरा दोरा. ओढत गेले, तो येतच राहिला, आणि घशाच्या खाली कुठंतरी घडी घातलेलं काहीतरी जड हललं.

मी ओढायची थांबले. कांद्याची कढई तडतडत होती. एमिलनं तो दोरा बघितला आणि मनगट सोडलं.

वास्कोनं पेन उचललं. "नाव सांग, पॉलीन."

मी दोरा तोडला, उठून उभी राहिले आणि घसा साफ केला.

"एमिल हुडाक."